पांढरी रेघ

भिकाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीजवळ, कोपरच्या घरी खिडकीत पेपर वाचत बसलो होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. त्याच्या पुतण्यानं दोन वाक्यांत सांगितलं, काका आंघोळ करून आले, खुर्चीत बसले आणि गेले. फोन ठेवल्यावर मला सगळ्यांत आधी जे वाटलं ते लिहावं की नाही, यात पाच आठवडे गेले. लिहितोच. मला सुटल्यासारखं वाटलं. आता त्याला कधीच कळणार नाही, हा माझा पहिला विचार होता. रडू नंतर आलं. ते खोटं नव्हतं, पण नंतर आलं हेही तितकंच खरं.

भिकाजी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॅटर्न मेकर होता. लोखंड ओतायच्या आधी त्या भागाचा हुबेहूब नमुना लाकडात करावा लागतो. तो वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. वस्तू कुठे कुठे जाते, नमुना मात्र फळीवर धूळ खात पडतो. असे नमुने करण्यात त्याची तीस वर्षं गेली. मी डोंबिवलीच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. मुलांना लाकडी ठसे कोरायला शिकवायची मला हुक्की आली होती, आणि बाजारातल्या सुऱ्या दोन दिवसांत मान टाकायच्या. कुणीतरी सांगितलं, कळव्याला एक जण स्वतः सुऱ्या बनवतो. गेलो. कारखान्यातल्या मशीनच्या करवतीची तुटलेली पाती तो मागून आणायचा, घासून त्यांची सुरी करायचा आणि चिंचेची नाहीतर शिसवीची मूठ बसवायचा. पहिल्या दिवशी त्यानं मला काहीच दिलं नाही. हातात पेन्सिल देऊन नुसत्या रेघा मारायला लावल्या आणि माझी बोटं कशी वळतात ते बघत बसला. मी चित्रकलेचा मास्तर, आणि हा माणूस माझी पेन्सिल धरायची पद्धत तपासतोय, याचा मला चांगलाच राग आला होता. दोन आठवड्यांनी त्यानं पाच सुऱ्या दिल्या. हातात घेतल्या तेव्हा मुठीवर अंगठ्याची जागासुद्धा माझीच निघाली.

त्या दिवसापासून मी त्याच्याकडे जायला लागलो, ते पस्तीस वर्षं जात राहिलो. तो मला 'मास्तर' म्हणायचा आणि अरे-तुरे करायचा, दोन्ही एकाच वाक्यात. धार कशी तपासायची हे त्यानंच मला शिकवलं. मी आपला अंगठा फिरवून बघायचो. तो हसायचा, सुरी खिडकीशी उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "कडेला पांढरी रेघ दिसते का बघ. दिसली तर बोथट. चांगल्या धारेवर उजेड थांबतच नाय." मग मलाही दिसायला लागलं. धार लागलेल्या पटाशीची कड खरोखर दिसत नाही, पोलाद कुठे संपलं ते कळत नाही. रविवारी तो कारखान्यातल्या उरल्यासुरल्या सागाच्या तुकड्यांतून खाडीवरचे पक्षी कोरायचा... बगळे, खंड्या, लांब पायांचे शेकाटे. शेकाट्याचे पाय मोडायचे, म्हणून पक्ष्याआधी त्यानं त्या पायांसाठी वेगळी सुरी बनवली. अशी प्रत्येक गोष्टीसाठी एक सुरी होत गेली. निवृत्त झाला तेव्हा पटाश्या, रंधे, सुऱ्या मिळून घरात पलंगाखाली तीन पेट्या झाल्या होत्या.

त्या पेट्या संग्रहालयात जाव्यात ही कल्पना माझी. ठाण्यात एका संस्थेनं हस्तकलांचं छोटं संग्रहालय काढायचं ठरवलं होतं आणि माझी त्यांच्या समितीत ऊठबस होती. भिकाजी सहा महिने नाही म्हणत होता. मग त्याच्या हाताला कंप सुटला, पक्ष्यांचे पाय मोडायला लागले, आणि एक दिवस तोच म्हणाला, घेऊन जा. अट एकच घातली. "धार घालवायची नाय. धार गेली की ती पटाशी नाय राहत, पट्टी होते. मी येऊन तेल लावून जाईन, पण धारेला हात लावू नका म्हणावं." मी म्हटलं, सांगतो.

संग्रहालयाचा फॉर्म मीच भरला. त्याचा हात थरथरत होता, माझं अक्षर शाळेत फळ्यावर गाजलेलं. त्यानं खाली फक्त सही केली, न वाचता. त्या फॉर्मवर एक रकाना होता, 'दात्याच्या अटी असल्यास'. समितीत मी ऐकलं होतं की अटी असलेल्या वस्तू वेगळ्या बैठकीत जातात, तिथे महिना-दोन महिने रखडतात. उद्घाटन तीन आठवड्यांवर आलं होतं, आणि दालनाच्या पाटीवर 'संकलन साहाय्य' म्हणून माझं नाव यायचं होतं. मी रकान्यात लिहिलं, 'अटी नाहीत'. तोंडी सांगेन, असं मनाशी ठरवलं. तोंडीही सांगितलं नाही. दुसरं कारण शोधत बसण्यात अर्थ नाही, मला पाटीवर नाव हवं होतं.

शाळेची मुलं येणार, कुणाला लागायला नको, म्हणून संग्रहालयानं सगळ्या धारांवर कानस फिरवली आणि वरून वॉर्निश मारलं. त्यांचं काही चुकलं नाही. कागदावर अट नव्हती. उद्घाटनाला भिकाजी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. काचेच्या कपाटात दिवे लावलेले, आणि पाहुणे म्हणत होते, काय चमकतायत हो. तो कपाटासमोर बराच वेळ वाकून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मास्तर, सगळ्या पांढऱ्या दिसतायत रे."

मी म्हटलं, दिव्यांमुळे असेल.

पुढच्या आठवड्यात कळव्याला गेलो तेव्हा त्यानं सरळच विचारलं, "तू त्यांना सांगितलेलंस ना?" मी म्हणालो, "सांगितलेलं रे. ही माणसं ऐकतात कुठं." एवढं बोललो आणि मग थांबलोच नाही. संग्रहालयवाल्यांना कारागिराची किंमत नाही, त्यांना फक्त कपाटं भरायची असतात, समितीत सगळे बिनडोक भरलेत... जे तोंडाला आलं ते बोललो. तो ऐकत होता. यानंतर दोन वर्षं, दर रविवारी मी तिथे जात होतो आणि विषय निघाला की संग्रहालयाला शिव्या घालत होतो. विषयही बहुतेक मीच काढायचो. मला वाटायचं, याची बाजू घेतोय मी. तो कधी एक शब्द जास्त बोलला नाही. खिडकीतून बाहेर बघत बसायचा आणि बायकोला, शेवंतावहिनींना, चहा टाकायला सांगायचा.

तो गेल्यावर कळव्याच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मला बोलायला सांगितलं. मी तिथेही तेच केलं. भिकाजीच्या हत्यारांच्या धारा घालवणाऱ्या निर्दय व्यवस्थेवर दहा मिनिटं बोललो, लोकांनी माना डोलावल्या. शेवंतावहिनी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, रडतायत.

पंधरा दिवसांनी संग्रहालयातून फोन आला. भिकाजीच्या आठवणीसाठी एक छोटा कोपरा करायचा आहे, घरी एखादी वस्तू उरली असेल तर बघाल का? आणि मी, इतकं सगळं होऊन, कोरा फॉर्म पिशवीत टाकून कळव्याला गेलो. वहिनी स्वयंपाकघरात खाली बसून भोपळा चिरत होत्या. हातात भिकाजीची एक रुंद पात्याची सुरी होती, मी कधी न पाहिलेली. भोपळ्याच्या जाड सालीतून ती आवाज न करता जात होती. हाताला कंप सुटल्यावरही महिनाभर खपून भिकाजीनं शेवटची हीच केली, असं वहिनी म्हणाल्या. मी आडून आडून विषय काढला. त्यांनी पूर्ण बोलूही दिलं नाही. पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "ते म्हणालेले, मास्तर येईल मागायला. वाटलं तर दे. पण फॉर्म तू भर."

मी म्हटलं, मी भरतो ना वहिनी, तुम्ही फक्त सही करा.

"नको भाऊजी. मला येतं लिहायला."

त्यांनी फॉर्म पाटावर ठेवला आणि सावकाश, एकेक अक्षर काढत भरला. अटींच्या रकान्याशी आल्यावर लिहिलं, 'धार घालवू नये'. मग माझ्याकडे न बघता सांगितलं. उद्घाटनानंतर महिन्याभरात भिकाजी एकटाच ठाण्याला गेला होता, मी फुकट धार लावून देऊ का, असं विचारायला. तिथल्या बाईंनी त्याला फाइल काढून दाखवली. माझं अक्षर तो ओळखत होताच.

मी विचारलं, मग तो मला बोलला का नाही?

वहिनींनी भोपळ्याची फोड पुढे ओढली. "मी पण विचारलेलं. म्हणाले, तो सांगेल. तुम्ही दारात दिसलात की मला म्हणायचे, चहा टाक, आज सांगेल बहुतेक."

दोन वर्षांत मी तो चहा शंभरेक वेळा तरी प्यालो असेन.