चौथीचा तारखेचा कागद

सहदेवला लोकांनी त्याच्या दुकानातून केस धरून ओढत बाहेर काढलं, तेव्हा मी शाळेच्या ऑफिसला आतून कडी लावली. हे आधीच सांगून टाकतो. सांगायचं आहे ते शाहीनबाईंबद्दल, आणि त्यांच्याबद्दल बोलताना आपण कुठे होतो हे लपवणारा माणूस मला आवडत नाही.

शाहीनबाई मूर्तिजापूरच्या. आमची जिल्हा परिषदेची शाळा तिथून चौदा किलोमीटरवर. चार वर्ग आणि शिकवणारे दोघं, त्या आणि मी. शाळेला एक टीव्ही मिळाला होता, पण त्यावर दाखवायला काहीच नव्हतं. मग बाई दर रविवारी आपल्या भावाच्या मोबाइलच्या दुकानात बसून इंटरनेटवर धडे शोधायच्या. गणिताचे खेळ, परिसर अभ्यासाचे व्हिडिओ, कुठल्या कुठल्या देशांतल्या शाळांचे सरावाचे कागद. ते सगळं मराठीत उतरवायच्या. बर्फाच्या जागी गारा, सफरचंदाच्या जागी संत्री, डॉलरच्या जागी रुपये.

मी चिडवायचो, "बाई, सरकार पदक देऊन राहिलं काय तुमाले?"

"पदक ठेवा तुमच्यापाशी, मोतीराम सर. चौथीतल्या पोरीनं घरातली दवाईची बाटली कोणाले न विचारता वाचली पायजे. मले बस एवढंच पायजे."

ते २०१७ साल होतं. सप्टेंबरात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, बोंडअळी अशी पडली की फवारे मारून मारून लोकांचे खांदे सोलून निघाले, पण अळी मजेत होती. गाव धुमसत होतं. बापाचा हात पोरावर पडत होता, नवऱ्याचा बायकोवर. वावरातून परतणाऱ्या बैलांच्या पाठीवर ताजे वळ दिसायचे. लोकांना कोणाला तरी मारायचंच होतं, फक्त कोणाला ते ठरत नव्हतं.

अशात बाईंनी चौथीला तारखेचा कागद दिला. घरातल्या पाच वस्तूंवरची मुदत वाचून आणायची. मूळ कागद परदेशातला, आणि तिकडे आधी महिना लिहितात, मग दिवस. बाईंनी त्यातलं सगळं बदललं, चौकटींचा क्रम तेवढा तसाच राहिला. बिस्किटाच्या पुड्यावर महिना अक्षरात असतो, त्यामुळे तिथे काही बिघडलं नाही.

गावातल्या देवमन शेतकऱ्याची मुलगी रागिणी चौथीत होती. वाचता येणारी ती त्या घरातली पहिलीच. तिने फवाऱ्याच्या औषधाची बाटली वाचली. शेवटची तारीख होती 04/11/2017.

"बाबा, अकरा एप्रिल. मुदत कवाचीच सरली हिची."

खरी तारीख चार नोव्हेंबर होती. औषध चांगलं होतं. गावात दहावी-बारावी झालेले वीसेक जण तरी असतील, पण एकानेही ती बाटली हातात घेऊन पुन्हा वाचली नाही.

बाटली सहदेवच्या कृषी केंद्रातली. त्याने मुदत संपलेलं औषध विकलं म्हणूनच अळी मरत नाही, असं गावाने धरलं. शाळेसमोरच्या चौकात देवमनने त्याला आडवा पाडला आणि फवारणीच्या पंपाचा दांडा उचलला. पहिल्या फटक्यात सहदेवचं मनगट मोडलं. कोणीतरी तराजूचं वजन त्याच्या तोंडावर हाणलं, दात मातीत पडले. त्याची बायको सुभद्रा त्याच्या अंगावर आडवी पडली, तर तिला झिंज्या धरून बाजूला फेकलं. दुकानातल्या बाटल्या रस्त्यावर फुटत होत्या, वासाने ऑफिसात माझे डोळे चुरचुरत होते. मग आरोळी आली, "पाजा त्याले त्याचीच दवाई!"

रागिणी शाळेच्या फाटकाला चिकटून उभी होती, हातात तो कागद. बाईंनी तिच्याकडून तो घेतला, वाचला आणि थेट माझ्या दाराशी आल्या.

"मोतीराम सर, उघडा! चूक आपली हाय! मानूस मरून राहिला तिथं!"

मी उघडलं नाही.

त्या एकट्या गेल्या, मी खिडकीतून बघत होतो. देवमन गुडघ्याने सहदेवची छाती दाबून बाटलीचं झाकण काढत होता. बाईंनी त्याच्या हातातून बाटली हिसकली.

"देवमनभाऊ, दवाई चांगली हाय. चार नोव्हेंबर हाय ते. पोरीले तारीख मी उलटी शिकवली. मारायचं तं मले मारा."

त्याने मारलं. बाईंचा चष्मा फुटला, भुवईपासून गालापर्यंत रक्त आलं. त्या उठल्या आणि बाटली एकेकाच्या डोळ्यांपुढे धरत फिरल्या. "वाचा. तुमी वाचा. तुमी बी वाचा." बारावी झालेल्या धर्मपालने वाचली आणि हातातली काठी खाली टाकली.

"मंग अळी काहून नाई मेली?" देवमन ओरडला. लोक एकमेकांकडे न बघता घरी गेले.

सहदेव अकोल्याच्या दवाखान्यात वाचला, पण डावा डोळा गेला. शिक्षण खात्याच्या चौकशीत बाईंनी सगळी चूक आपल्या नावावर लिहून दिली. कागदावर तपासल्याची सही माझी होती. मी तो न वाचताच चहा पिता पिता सही केली होती. चौकशीला आलेल्या साहेबांना मी सांगितलं, घाईत झाली असेल. त्यांनी मान डोलावली आणि मी सुटलो. आजही स्वतःची चीड येते.

दोन आठवड्यांनी बाई कपाळावर टाके घेऊन वर्गात आल्या. क्रम दुरुस्त केलेला नवा कागद त्यांनी वाटला आणि रागिणीला उभं केलं.

"वाच बेटा. चुकलं तं चुकलं, मी हाय ना."

रागिणीने कागदाकडे पाहिलंच नाही.

"मी वाचलं तं मानसं मारतेत, मॅडम."

बाईंनी तिला जवळ घेतलं, खूप समजावलं. दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात, दिवाळीनंतरही समजावलं. चौथी संपेपर्यंत रागिणीने एक ओळसुद्धा मोठ्याने वाचली नाही.