टोचलेली मोसंबी

नव्वदच्या सुमारास मी उल्हासनगरात नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. माणसाच्या दंडाला हात लावण्याआधी आम्ही मुली मोसंब्यांना इंजेक्शन द्यायला शिकायचो. हॉस्पिटलच्या फाटकापाशी मोसंब्यांची पाटी घेऊन बसणारी बाई बारवी धरणाकडच्या पाड्यावरून यायची. नाव मी कधी विचारलं नाही. प्रत्येक फळ ती कानाशी नेऊन अंगठ्याने दाबायची आणि जाड सालीचंच निवडून द्यायची. "टोचून झालं की मला परत आण, बाय," एवढंच म्हणायची. शेळ्यांना घालत असेल, असं मी धरून चालले आणि रोज नेऊन देत राहिले.

एकदा सहज विचारलं, "मावशी, शेळ्या किती तुमच्याकडे?"

"शेळ्या कुठल्या? पोरगी हाय. दोन महिने ताप उतरत नाय. तुमचं औषध रोज खाऊ घालते ना तिला."

आमच्या सिरिंजमध्ये नुसतं नळाचं पाणी असायचं.

"अहो, तिला इथे दाखवलं का नाही?"

"कशाला? तुम्ही देताच की." तिने एक मोसंबं कानाशी दाबून पाहिलं आणि माझ्या हातात ठेवलं. "आज जरा जास्त टोच."