दहा फुटांनंतर

कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरमधलं विमान उतरताना उंची सांगायला मी पप्पांचा आवाज लावलाय. शंभर, पन्नास, तीस, वीस, दहा. मूळ अ‍ॅड-ऑनमध्ये, म्हणजे वरून घालायच्या जोड-प्रोग्राममध्ये, कुणीतरी इंग्रजीत खेकसायचा, त्याचा मला वीट आला होता. पप्पा जन्मभर शाळेत मास्तर. आकडे म्हणावेत तर त्यांनीच. ते रेकॉर्ड केलं आणि वर्ष उलटायच्या आत कॅन्सरमुळे त्यांची स्वरपेटी काढावी लागली. आता ते पाटीवर लिहून बोलतात. ज्या मोबाइलमध्ये त्यांचे व्हिडिओ होते तो वाडीतल्या बावखलाच्या पाण्यात पडून मेला. घरात त्यांचा आवाज म्हणून उरले ते हे आकडे.

आणि मागच्या महिन्यात सिम्युलेटर अपडेट झाला, तेव्हा बिघडलं ते नेमकं हेच अ‍ॅड-ऑन.

दुपारचे चार वाजले होते. 'दहा' ऐकू आलं, चाकं टेकली, मी इंजिन बंद केलं. विमान गप्प उभं. आणि स्पीकरमधून केळीच्या पानांची सळसळ यायला लागली. मला वाटलं खिडकी उघडी आहे. खिडकी बंद होती. मग चर्चची घंटा वाजली, ती पण दुपारी बाराच्या प्रार्थनेची. बाहेर ओटीवर पप्पा सवयीनं उठून उभे राहिले, क्रुसाची खूण केली, मग घड्याळाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. खोटं कशाला सांगू, मी प्लगच उपटला.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून बसलो. आधी आवाजाच्या फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या, मग सगळी अ‍ॅड-ऑन्स काढून एकेक परत घातलं. विमानतळ घातला, काही नाही. ढग घातले, काही नाही. पप्पांचा आवाज घातला, विमान उतरवलं, की पुन्हा ती पानं. अपडेट काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा मी उद्धार केला.

मग फाइल्स बघितल्या. बाकीच्या दोन-दोन सेकंदांच्या. 'दहा' चार मिनिटांची.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पप्पा 'दहा' म्हणाले आणि बाराची घंटा झाली होती. ते प्रार्थनेला उभे राहिले, त्यांच्याबरोबर मी पण, आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं. पुढचं कापायचा मी आळस केला. चाकं टेकली की अ‍ॅड-ऑन आवाज तोडायचं, म्हणून कधी कळलं नाही. अपडेटनंतर ते तोडेनासं झालं.

कापणं दोन मिनिटांचं काम. पण घंटेच्या पुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं. लावलं. बराच वेळ नुसता श्वास. मग खोकला. मग पप्पा.

"घसा दुखतोय रे. आज राहू दे."

आणि त्यावर माझा आवाज, वैतागलेला.

"एकदाच, पप्पा. शेवटचं."

ते पुन्हा 'दहा' म्हणाले. पहिल्याइतकंच स्वच्छ. मग परत खोकला.

डॉक्टरांकडे जायच्या कितीतरी महिने आधी त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मला ते आठवतही नव्हतं. मला माझीच किळस आली. मागे वळलो तर पप्पा दारात उभे, पाटी काखेत. कधीपासून, कोण जाणे.

मी घाईघाईनं कापायच्या जागेवर माउस नेला. त्यांनी माझा हात धरून बाजूला केला आणि पाटीवर लिहिलं, "कापू नकोस." तळहातानं पुसून खाली बसले आणि सावकाश लिहिलं, "दहा चांगला आलाय."

ते अ‍ॅड-ऑन मी दुरुस्त केलं नाही. विमान उतरलं की इंजिन बंद करून थांबतो. पानं वाजतात, घंटा होते, पप्पा ओटीवर उभे राहतात. मग स्पीकरमधून ते म्हणतात घसा दुखतोय, आणि मी म्हणतो, एकदाच.