तुळशीरामचा कागद

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, देवापुढेही नाही. देवासमोर उभा राहिलो की मी दुसरंच काहीतरी बोलत असे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. बघतो.

आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षी माझ्या गळ्यात गाठ निघाली. कॅन्सर. घरचा धंदा हातमागाचा, पण मी शिकलो आणि नागपुरातल्या एका शाळेत कारकून झालो. हे अशासाठी सांगतो की मला इंग्रजी वाचता येत होतं. दवाखान्यात दीड महिना विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, घेतला. शेजारच्या खाटेवर तुळशीराम होता, रामटेककडचा धानाचा शेतकरी. वय माझ्याएवढंच, दुखणंही तेच. गळा आतून असा भाजला होता की थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. त्याची बायको पार्बता भाताची पातळ पेज करायची आणि एकाच गंजातून, पातेल्यातून म्हणा, दोन वाट्या भरायची, एक त्याची, एक माझी. माझी बायको लहान पोरं सोडून रोज येऊ शकत नसे. मी पेज अर्ध्यावर टाकली की तुळशीराम घोगऱ्या आवाजात दटावायचा, "पी ना गा भाऊ. तू नाई पेला त मले बी नाई जात."

त्या पेजेवर मी जगलो. हे आधीच सांगून ठेवतो — म्हणजे पुढचं सांगताना लपायला जागा राहणार नाही.

तीन महिन्यांनी दोघं एकाच दिवशी तपासणीला गेलो. छातीचे फोटो निघाले, गळ्यातून तुकडा काढला, आठ दिवसांनी रिपोर्ट न्या म्हणाले. ते आठ दिवस — कसे सांगू? ऑफिसात बसायचो, पण हात गळ्यावर. आवंढा गिळायचा, काही अडकतं का बघायचं, पुन्हा गिळायचा. बायको विचारायची, काय झालं? काही नाही म्हणायचो. स्वतःच्याच गळ्यात कोंडला गेलेला माणूस जाणार कुठे?

आठव्या दिवशी शनिवार होता. डॉक्टर सोमवारी भेटणार होते, रिपोर्ट मात्र खिडकीवर मिळत होते. तुळशीरामचा सकाळीच मिळाला. माझा तीन वाजता मिळेल म्हणाले. तो एकटाच आला होता. पार्बता धानाच्या रोवण्यावर, रोपं लावायला, गेली होती. व्हरांड्यातल्या बाकावर त्याने कागद माझ्या हातात दिला.

"वाच ना भाऊ. का लिवलं हाये?"

चार ओळी टाइप केलेल्या. गाठ पुन्हा आली आहे, रोग्याला ताबडतोब दाखल करावे. मी दोनदा वाचलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

मला तेव्हा काय वाटलं? त्याची दया आली? नाही. वाटलं — आता याला सांगितलं तर हा इथंच कोसळेल, आणि तीनपर्यंत मला याच्याजवळ बसावं लागेल. याचं रडणं ऐकत माझ्या कागदाची वाट पाहावी लागेल. ते मला जमणार नव्हतं. याला इथून घालवावं, एवढंच वाटलं.

"चांगलं हाये गा," मी म्हटलं. "काहीच नाई निंगालं. डॉक्टरले दाखवाची बी गरज नाई. जा घरी."

पहिलं खोटं घाबरून निघालं असं एकवेळ म्हणता येईल. पण ते डॉक्टरचं? सोमवारी डॉक्टरने खरं सांगितलं तर मी उघडा पडेन — हे माझ्या डोक्यात आलं होतं. तेवढं भान होतं मला.

त्याने माझे दोन्ही हात धरले, रडला, आणि बस गाठायला गेला. मला हायसं वाटलं.

तीनला माझा कागद आला. काही नव्हतं. मी वाटेत पेढे घेतले. तुळशीरामला उद्या पत्र टाकू, असं ठरवलं. पोस्टकार्ड आणलं, पत्ता लिहिला. मग आठवडा गेला, मग दोन — आता काय तोंडाने लिहायचं?

दिवाळी होऊन महिना झाला असेल. पार्बता शाळेत आली. एका हातात तो कागद, दुसऱ्या हातात नव्या तांदळाची लहानशी पिशवी, तुळशीरामने माझ्यासाठी पाठवलेली. त्याचा आवाज गेला होता. पाणीही उतरत नव्हतं.

"त्याईनं धाडलं मले," ती म्हणाली. "म्हणे, भाऊले इचार — कागद त चांगला होता, मंग असं काहून होऊन राह्यलं?"

तेव्हाही सांगता आलं असतं ना? मी कागद पुन्हा वाचल्यासारखं केलं. म्हटलं, "तवा चांगलंच होतं, वहिनी. मंग उलटलं असन. कागद ठेवून जा, मी डॉक्टरले दाखवतो." ती गेली. संध्याकाळी मी तो कागद शेगडीत घातला. दुसऱ्या कोणी वाचला असता ना.

ते तांदूळ आम्ही खाल्ले.

संक्रांतीच्या आत तुळशीराम गेला. वेळेवर दाखल झाला असता तर वाचला असता का? ठाऊक नाही. या 'ठाऊक नाही'वर मी कित्येक वर्षं टेकून बसलो. पण तो सोमवार त्याचा होता, आणि तो मी घेतला.

यंदा त्याच्या मुलीचं लग्न झालं. पार्बता आमंत्रण घेऊन घरी आली. "मले भाऊ नाई," ती म्हणाली, "तुमीच मामा म्हणून उभे राहा." माझी बायको लगेच हो म्हणाली.

मी उभा राहिलो. पोरीच्या पाठीशी, मुंडावळ्या बांधलेल्या त्या डोक्यावर अक्षता टाकत. पंगतीत पार्बता ज्याला त्याला सांगत होती, हे भाऊ, दवाखान्यात आमच्यासाठी किती केलं त्याईनं, कागद बी हेच वाचून देत. तिने स्वतःच्या हाताने मला वाढलं. मी मान खाली घातली आणि जेवलो. पोटभर जेवलो.