काकूंचं मत

आमच्या शेजारच्या काकूंनी पोटनिवडणुकीत स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध मत दिलं, आणि ते त्यांनीच त्याला सांगितलं.

मनात एक आणि ओठावर दुसरं हे त्यांना जमायचंच नाही. मी नवी सून होऊन आले, तर दुसऱ्याच दिवशी "तुह्या भाजीत मीठ नाही वं" म्हणून सांगून गेल्या. संध्याकाळी पाटोडीच्या रश्श्याचं पातेलं घेऊन पुन्हा हजर.

आमची गल्ली विणकरांची. काका स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेले. विधानसभेची आमची जागा मधेच रिकामी झाली, तेव्हा सरकारपक्षाने त्यांनाच उभं केलं. माणसाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण सरकारने ठरवलेल्या भावात सूत मिळत नव्हतं. गांधीबागेच्या बाजारात ते वाटेल त्या भावाने विकलं जाई आणि इकडे हातमाग एकेक करून थांबत होते. काकू रोज जेवताना हे कानावर घालायच्या. काका म्हणायचे, "निवडून आल्यावर पाहू."

काका पडले. त्यांच्याकडे कार्यकर्ते जमले; कुणी अफवांना दोष दिला, कुणी विरोधकांना. काकू चहा घेऊन बाहेर आल्या.

"कोनाले नावं नोका ठेवू. मीबी दुसऱ्याच पेटीत चिठ्ठी टाकली."

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे.

"काहून वं?" काकांनी हळूच विचारलं.

"तुमी जिंकले असते तं वरच्याइले वाटलं असतं, इथं समदं ठीक हाये." काकूंनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. "तुमच्यावर राग नाही माहा. पन त्याइले दुसरं कसं सांगावं, तुमीच सांगा."

काका कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी टांगा बोलावून म्हणाले, "चाल, मंत्र्याले तूच सांग." दोघं गेली. पुढे सूत ठरल्या भावात मिळू लागलं. सगळे माग काही पुन्हा सुरू झाले नाहीत, पण बरेच झाले.

त्यानंतर प्रत्येक मतदानाच्या सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण भिंतीपलीकडून ऐकू यायचं, आणि मग दोघं सोबतच बाहेर पडायची.

काकू तापाने गेल्या. पुढे महापालिकेची निवडणूक आली. काका केंद्राबाहेर एकटेच उभे दिसले. रांग सरकत होती, ते मात्र जागचे हलत नव्हते. मी जवळ गेले.

"पयल्यांदाच न भांडता आलो, पोरी," ते म्हणाले. "कोनाले मत द्यावं, समजूनच नाही राहिलं."