मावशी असमर्थ

माझ्या बहिणीला सरकारनं फसवलं, आणि त्या फसवणुकीची सुरुवात माझ्या तोंडून झाली.

मी शेळ्यांचा व्यापार करते. नवरा गेल्यावर दोन शेळ्यांवर सुरू केला, आता ताडकळसच्या बाजारात माझा शब्द चालतो. पहिल्या बोलीला हो म्हणायचं नाही, हे मी कुणी न शिकवता शिकले. मान हलवायची, "परवडत न्हाई" म्हणायचं आणि गप्प उभं राहायचं. माणूस दोन पावलं जातो, मग परत फिरतो.

माझी धाकटी बहीणही ताडकळसलाच राहते. तिचा नवरा वारला आणि वर्षाच्या आत तिला क्षय निघाला. तिला परभणीच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा तिच्या मुली माझ्याकडं होत्या. थोरली नऊ वर्षांची, धाकटी पाच. निराधार मुलांचं बघणाऱ्या सरकारी कार्यालयातून एक साहेब चौकशीला आले.

"मावशी, पोरींना तुम्ही सांभाळणार का?"

नातेवाइकानं मूल सांभाळलं तर सरकार दरमहा मदत देतं, हे मी ऐकून होते. मला वाटलं, सौदा सुरू झाला. मी मान हलवली.

"कसं परवडंल साहेब? जागा न्हाई, दिवसभर मी बाजारात. तुमी काय देता ते बोला आधी."

"मदतीच्या योजनेचा निधी अजून आलेला नाही."

"मग न्हाई जमायचं."

साहेब उठले. मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी गाडीला किक मारली आणि निघून गेले. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

त्यांनी कागदावर लिहिलं, 'मावशी सांभाळण्यास असमर्थ.' आठ दिवसांत मुलींना परभणीच्या बालगृहात नेलं. मी मागोमाग कार्यालयात धडकले आणि टेबलावर हात आपटला. म्हटलं, मी घासाघीस करत होते, पोरी माझ्याच आहेत. तिथला कारकून हसला. "आक्का, हितं एकदाच बोली लागती." त्याला मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बालगृह वाईट होतं असं म्हणणार नाही. जेवण वेळेवर होतं, अंगावर धड कपडे होते. पण भेटीच्या दिवशी धाकटी माझ्या पदराला येणारा शेळ्यांचा वास घेत बसायची आणि निघायच्या वेळी पदर सोडायची नाही. तिथल्या बाई एकेक बोट सोडवायच्या.

सहा महिन्यांत बहीण बरी झाली. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. तरी मुली मिळेनात. घर बघून नवा अहवाल द्यायला हवा होता, आणि घर बघणारी बाई सगळ्या जिल्ह्यात एकच. कंत्राटावरची. तिला प्रवासभत्ता कित्येक महिने मिळालेला नव्हता. येलदरीकडं जायचं तरी पदरचं तिकीट, मानवतला जायचं तरी पदरचंच. ताडकळसचा नंबर कधी लागणार, ते तिलाही सांगता येईना. दोन महिने असेच गेले. माझ्या पोरी कुणी नको म्हणालं म्हणून अडकल्या नव्हत्या. एसटीच्या तिकिटापायी अडकल्या होत्या.

बाजाराच्या दिवशी मी टेम्पो घेऊन त्या बाईच्या दारात उभी राहिले. मागं शेळ्या भरलेल्या.

"ताई, बसा. आज तुमाला नेल्याबिगर मी हलत न्हाई."

"मावशी, असं नियमात बसत नाही हो."

"नियमात नका बसू, टेम्पोत बसा."

ती हसली आणि बसली. वाटेत बजावलं मात्र, "मी बघीन तेच लिहिणार."

"तेच लिहा," मी म्हटलं.

बहिणीच्या घरी तिनं मला विचारलं, "तुमच्या बहिणीला परत काही झालं तर?" जीभ सवयीनं वळत होती. अडचणी सांगाव्यात, भाव वाढवावा. मी दातांखाली जीभ धरली आणि म्हटलं, "मी हाय. जागा हाय. खायला हाय." आयुष्यात पहिल्यांदाच मी पहिल्या बोलीला हो म्हटलं. बहीण चुलीपाशी तोंड फिरवून डोळे पुसत होती.

पुढच्या पंधरवड्यात मुली घरी आल्या. धाकटी उंबऱ्यात उभी राहिली आणि तिनं विचारलं, "पाणी पिऊ का?" स्वतःच्या घरात! बहिणीनं तांब्या तिच्या हातात दिला. "पी की गं बाई, तुझंच हाय." तिनं अर्धं पाणी अंगावर सांडलं, तेव्हा कुठं माझ्या छातीवरचा दगड उतरला. आता ती बाजारात माझ्या शेजारी बसते आणि गिऱ्हाइकाला माझ्याआधी "परवडत न्हाई" म्हणते. मला हसू येतं आणि थोडी भीतीही वाटते.

सुटले मी. पण माझा राग सुटलेला नाही.

कचेरीत तक्रारी ऐकायच्या दिवशी मी अर्ज घेऊन गेले. म्हटलं, करडू आईपासून तोडलं की बाटलीनं पाजायला माणूस लागतो, दूध विकत लागतं, तरी करडू झुरतं. त्यापेक्षा शेळीला पेंड घातलेली स्वस्त पडते. हे अडाणी धनगरालाही कळतं. बालगृहात पोरगी ठेवायला तुमच्याकडं पैसा आहे. मग तीच पोरगी आईजवळ, मावशीजवळ राहावी म्हणून का नाही? आजारी आईच्या घरी महिन्याची मदत वेळेवर पाठवा. घर बघणारी माणसं वाढवा, त्यांचा प्रवासभत्ता द्या. मोठे साहेब म्हणाले, "निधी आला की बघू." मी म्हटलं, ही बोली मी एकदा ऐकली आहे, या वेळी मी दारातून हलणार नाही.

माझं चुकलं ते मी वर लिहून दिलं आहे. आता साहेब, तुमची पाळी. पाच वर्षांच्या पोरीला आपल्या घरात पाणी प्यायला परवानगी मागावी लागली. ज्याच्या टेबलावर तो निधी अडकला होता, त्या माणसानं ताडकळसला यावं आणि तिच्यासमोर बसून उत्तर द्यावं. यायला गाडी नसेल तर माझा टेम्पो आहे.