मोरपंखी भिंतीवरचा पिवळा ठिपका

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कोणी माझी शाळा घ्यायला नको. करणी, भूतबाधा, अंगात येणं... यातलं मी काहीही मानत नाही. इथले अनुभव मी चवीने वाचते, त्याखालची भांडणं त्याहून चवीने वाचते आणि मग घोरत झोपते. नवा फ्लॅट घेतला तेव्हा वास्तूवाल्याला बोलवायला मी साफ नकार दिला होता, त्यावरून सासूबाई आठवडाभर रुसल्या होत्या. तरीही पुढचं सगळं माझ्याच हॉलमध्ये घडलंय आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

थेरगावात, डांगे चौकापासून चालत दहा मिनिटांवर आमची सोसायटी आहे. सातवा मजला, टू बीएचके. हॉलमध्ये सोफ्यासमोरची जी भिंत आहे, ती लक्षात ठेवा.

मला माझं शहर फार आवडतं, हेही सांगायला हवं. पुण्यातले नातेवाईक नाक मुरडतात — "तुमच्याकडे काय, कंपन्या आणि ट्रक!" मुरडोत बापडे. शनिवारी संध्याकाळी मी आणि माझा नवरा निखिल चिंचवडला नाटकाला जातो, मध्यंतरात गरम बटाटेवडा खातो, परत येताना कॉफी पीत नटांची उणीदुणी काढतो. रविवारी पिंपरीच्या बाजारात पडद्याचं कापड बघायला सात दुकानं पालथी घालतो. आठव्या दुकानात निखिल बाहेरच्या पायरीवर बसून राहतो. घर सजवणं हा माझा छंद नाही, व्यसन आहे. आणि ते मला लावलं माझ्या आत्याने.

सुमनआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. चाकणजवळच्या खेड्यात तिचं सासर. नवरा लवकर गेला, मुलगा लहान, मग शेतीवर भागेना तेव्हा ती कंपनीत लागली. गाडीचे मडगार्ड रंगवून यायचे आणि आत्या ते तपासायची. वीस वर्षं तेच काम. मला ती एकदा घरी दाखवत होती — मडगार्ड ट्यूबलाइटखाली तिरपा धरायचा, उजेड बाजूने पडू द्यायचा, मग अंगठ्याने नाही, तर बोटाच्या मागच्या बाजूने हळूच फिरवून बघायचं. रंग कुठे जास्त बसून खाली उतरला असेल तर त्याला ती 'ओघळ' म्हणायची. ओघळ दिसला की माल परत. सगळं नीट असेल तर खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे गाडीला बसवल्यावर दिसणार नाही तिथे, पिवळ्या मार्करने एक ठिपका. ठिपका म्हणजे पास. तिचा ठिपका असलेला माल पुढे कोणी पुन्हा बघायचा नाही, असं तिथले सुपरवायझरसुद्धा सांगायचे.

सुट्टीच्या दिवशी हीच बाई इस्त्रीची साडी नेसून, पर्स काखेत मारून, मला घेऊन एसटीने चिंचवडला नाटकाला यायची. गावातल्या बायका नावं ठेवायच्या. आत्या म्हणायची, "ठिवू दे. आमी रंगाची मानसं, आमाला रंग बघायला लागत्यात." नाटक संपल्यावर कथेबद्दल एक अक्षर नाही. "त्या बंगल्याच्या सेटचा रंग झ्याक व्हता, पन दाराला नीट पॉलिश न्हाई केलं." तेव्हापासून मीही सेटच बघते. मला या बाईचं इतकं कौतुक वाटायचं, अजूनही वाटतं, की ते कसं लिहावं कळत नाही.

आमच्या फ्लॅटचा ताबा मिळाला तेव्हा आत्याचा पहिला फोन. "प्राजे, घर कवा दावतीस?"

आपल्याकडे नवं घर 'दाखवणं' हा एक सोहळाच असतो. पाहुणा चप्पल काढतो न काढतो तोच त्याला बेडरूम, किचन, ड्राय बाल्कनी, गीझरसकट बाथरूम, सगळं फिरवून दाखवायचं आणि त्याने प्रत्येक दारात "छान, हवेशीर आहे" म्हणायचं. मी सगळ्यांना दाखवलं. वॉचमनच्या बायकोलाही दाखवलं. फक्त आत्याला नाही. कारण बाकीचे "छान" म्हणणार होते आणि आत्या तपासणार होती. मला तिच्याकडून शंभर टक्के पास व्हायचं होतं. म्हणून मी म्हणत राहिले, पडदे येऊ देत आत्या. मग, दिवे लागू देत. मग, एक भिंत राहिलीय गं, तेवढी झाली की गाडी घेऊन न्यायला येते.

भिंत राहिली आणि आत्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण डोकं लख्ख. डॉक्टर म्हणाले, आता प्रवास नको. मी पलंगाशेजारी बसून ढसाढसा रडले. मोबाइलमध्ये घराचे फोटो दाखवते म्हटलं तर तिने डाव्या हाताने फोन बाजूला सारला. "फोनात रंग खरा दिसत न्हाई. माल हातात घ्यावा लागतो." त्यामुळे तिने माझ्या घराचा एकही फोटो पाहिलेला नव्हता, हे मी खात्रीने सांगते.

त्यानंतर महिनाभराने, एका शनिवारी, मी ती राहिलेली भिंत स्वतः रंगवली. निखिल कंपनीच्या कामाने नाशिकला होता. रंगाचा डबा ऐनवेळी आणला, मोरपंखी. कोणाला सांगितलं नाही, स्टेटस ठेवलं नाही. चांगली आली तर सांगू, असा विचार. संध्याकाळी अंघोळ करून सोफ्यावर बसले आणि स्वतःवरच खूश झाले. भिंत खरंच देखणी दिसत होती.

रविवारी सकाळी आत्याला भेटायला गेले. दारातच मनीषावहिनी, म्हणजे आत्याची सून, डोळे मोठे करून म्हणाली, "बघा बाई, पहाटेपास्नं येकच लावलंय. म्हनत्यात, प्राजीच्या घरी जाऊन आले. लिफ्टात आरसा हाय म्हनत्यात."

आमच्या लिफ्टमध्ये आरसा आहे. पण तो बऱ्याच लिफ्टमध्ये असतो. मी हसून आत गेले.

आत्याने माझ्याकडे बघितलं. एकेक शब्द ओढत म्हणाली, "मोरपंखी... लावलास व्हय."

माझ्या हातातली फळांची पिशवी तशीच राहिली. नखात रंग राहिला असेल म्हणून मी बोटं बघितली. स्वच्छ होती.

"झ्याक हाय. पन बटनाच्या बोर्डाखाली ओघळ हाय. बोटभर. त्यो काढ."

"आत्या, तुला कोणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात?" ती चिडलीच. "डोळं हायत की मला."

मी तिथे जेवले नाही. चाकण चौकातल्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकले, स्टिअरिंग धरून स्वतःला समजावत होते. अंदाज असेल. हौशी माणसाने रंगवलं की कुठेतरी ओघळ येणारच. घरी पोचले, भर दुपारी पडदे ओढले आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीला लावून तिरपा धरला, तिने शिकवलं होतं तसा. स्विचबोर्डाच्या खाली ओघळ होता. मी माझं बोट लावून बघितलं. बरोबर बोटाएवढा. समोरून तो दिसतच नव्हता.

मी घाबरले का? खरं सांगते, घाबरले नाही. मला लाज वाटली, शाळेत वही तपासून परत आली की वाटायची तशी. दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून तो ओघळ पॉलिश पेपरने घासला आणि पूर्ण भिंतीला नवा हात दिला. या वेळी घाई केली नाही.

बुधवारी निखिल परत आला, आम्ही दोघं बाहेर जेवून घरी आलो. त्याने भिंत पहिल्यांदाच पाहिली. "वा!" म्हणाला, जवळ गेला आणि खाली वाकला. "हे काय गं?"

खालच्या उजव्या कोपऱ्यात, पायपट्टीच्या जरा वर, तांदळाएवढा पिवळा ठिपका होता.

निखिल स्वतः प्लांटमध्ये काम करतो. त्याने ओल्या फडक्याने पुसून बघितलं, नखाने खरवडून बघितलं. "हा इन्स्पेक्शनचा मार्कर आहे. तू आणलास?" मी कुठून आणणार! आमच्या घरात पिवळं म्हणाल तर हळद आणि एक उशीचा अभ्रा. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी नाशिकला निखिलच्या बॅगेत. आणि आमच्या सोसायटीत सख्ख्या भावाला आत घ्यायचं तर आधी ॲपवर होकार द्यावा लागतो. त्यात चार दिवसांत एक दूधवाला सोडून कोणाचीही नोंद नव्हती. आता हसू येतं, पण त्या क्षणी मी खरोखर आत्याची एंट्री शोधत होते.

वहिनीला फोन लावला. आत्या जागी होती. वहिनीने फोन तिच्या कानाला धरला.

"आत्या, भिंत आता कशी झालीय?"

पलीकडून अगदी कंटाळलेल्या आवाजात, जसं शिफ्ट संपताना कोणी एकच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा, "आता काय इचारतीस? ठिपका दिलाय की."

आत्या तीन आठवड्यांनी गेली. झोपेतच, शांतपणे. तिच्या उशाखाली मार्कर वगैरे काही सापडलं नाही. मी विचारलं होतं.

निखिलने बऱ्याच थिअरी मांडून बघितल्या. डब्यातच पिवळ्याचा अंश असेल, मीच झोपेत लावला असेल. मग त्याने नाद सोडला. माझ्याकडे तर थिअरीसुद्धा नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन, पण तो ठिपका खरवडून तपासायला देणार नाही.

अजूनही पाहुणे आले की मी घर दाखवते. बेडरूम, किचन, ड्राय बाल्कनी. हॉलमध्ये एखादी चौकस मावशी हटकून म्हणतेच, "भिंत सुंदर आहे गं, पण खाली डाग पडलाय बघ." मी तिला सांगते की तो डाग नाही. माझ्या आत्याने घर बघितलं आणि तिला ते आवडलं.